सही करण्याआधी मोरीजवळची तुळई बघ

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. चाळ वाचवायची म्हणून तू सह्या गोळा करतेयस आणि तुझी आजी त्याच आठवड्यात चाळ पाडून टॉवर बांधायच्या बिल्डरच्या संमतीपत्रावर सही करून मोकळी झाली, म्हणून तुमच्यात अबोला आहे. तू विचारलंयस की आजीला समजवायचं कसं. मला वाटतं आधी आजीचं ऐकून घे, मग चाळीचं बघू.

मी गिरगावातच वाढले आणि नंतर तीस वर्षं जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच काम केलं, त्यामुळे या इमारतींवर माझं प्रेम आहे हे तुला वेगळं सांगायला नको. पण आजीचा गुडघा गेलाय, संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि संडास चार, आणि रात्री दोन वाजता ती भिंतीला हात लावत लावत तिकडे जाते हे तुझ्या पोस्टरमध्ये कुठे आलंच नाहीये. वरळीच्या बीडीडी चाळीत लोक शंभर वर्षं १६० चौरस फुटांत राहिले, आता त्यांना नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, तो आनंद खरा होता गं. त्याला कुणी वारशाची हानी म्हटलं तर मला राग येतो.

पण म्हणून टॉवर हाच एक उपाय आहे असंही मी म्हणत नाहीये.

चाळ अशी का झाली ते आधी समजून घे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, मालकाला महिन्याला जे मिळतं त्यात जिन्याची एक पायरी पण बदलून होत नाही, मग त्याने हात काढून घेतला, मग १९६९ च्या कायद्याने सेस, म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर, लागला आणि दुरुस्तीचं काम सरकारी मंडळाकडे गेलं, आणि मंडळाकडून दर चौरस मीटरला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच खर्च होतो, वरचे पैसे रहिवाशांनी घालायचे. म्हणजे मालक, सरकार, भाडेकरू तिघांपैकी कुणालाच ती इमारत धड सांभाळणं परवडत नाही. असं साठ-सत्तर वर्षं चाललं की टेकू लागतात, आणि एकदा टेकू लागले की सगळे बिल्डरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारजवळ हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. तुझ्या आजीने त्या बातम्या टीव्हीवर बघितल्यात, तिच्या सहीमागे ती भीती पण आहे.

आता तुळईचं सांगते. आपल्या चाळींमध्ये सागाच्या तुळया आहेत, बऱ्याच ठिकाणी बर्मा टीक, आणि तुला वाटेल आख्खी इमारत सडलीये पण तसं नसतं. गॅलरीकडचं टोक ठोकून बघ, टणक आवाज येतो, खिळा ठोकायला घाम फुटेल. आणि तीच तुळई आतल्या बाजूला जिथे मोरीच्या भिंतीत शिरते तिथे मोठा स्क्रूड्रायव्हर टेकव, लोण्यात जावा तसा आत जातो. कारण वरच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीतून झिरपतंय आणि लाकडाचं टोक कायम ओलं. त्यात मागे कुणीतरी चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारून ठेवलेलं असतं, मग ओल बाहेर पडायला वाटच नाही. किंवा तुळई काढून लोखंडी गर्डर टाकलाय पण गळती तशीच ठेवलीये, मग गर्डरला गंज चढून पापुद्रे सुटतात. म्हणजे रोग मोरीत आणि पाइपात, आणि आपण इमारत पाडायला निघालो. प्रत्येक चाळीत असंच असतं असं नाही, काही खरंच हाताबाहेर गेलेल्या मी बघितल्यात आणि तिथे मीच लोकांना म्हटलंय की आजच्या आज बाहेर पडा. पण हे कळायला कुणीतरी आत शिरून बघायला हवं ना.

माझं तुला खरं सांगणं एवढंच आहे, आत्तापर्यंत तुमच्या एकाही मीटिंगमध्ये दुरुस्तीचा हिशोब मांडला गेलेला नाहीये. बिल्डरची प्रेझेंटेशन दोन झाली, कॉर्पस म्हणजे आपल्या नावाने ठेवायची रक्कम किती, कार्पेट म्हणजे घराच्या आतली जागा किती, गाडी कुठे लावायची. दुरुस्तीला किती लागतील, घरटी किती येतील, आतमध्ये प्रत्येक बिऱ्हाडाला संडास काढता येईल का, लिफ्ट बाहेरून लावता येईल का, याचा एक कागद नाही. तो कागद नसताना पाडायला लागणाऱ्या ५१ टक्के सह्या होतात आणि मग त्याला लोकांची निवड म्हणतात. तू वारसा म्हणून भांडू नकोस, तो कागद तयार कर. इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट बिल्डरच्या माणसाकडून न घेता सोसायटीने स्वतः पैसे काढून करून घ्या, आणि रिपोर्टमध्ये सी-१ (धोकादायक, पाडायची) लिहिलंय की सी-२ (दुरुस्त होण्यासारखी) हे बघून थांबू नका, कुठल्या तुळईला काय झालंय हे खोलीवार लिहून मागा.

गिरगावातल्या खोताच्या वाडीचं उदाहरण तू दिलंयस ते मला इथे लागू वाटत नाही. तिथली लाकडी घरं बुटकी, स्वतंत्र, आणि बऱ्याच घरांत मालक स्वतः राहतात, ते स्वतःच्या खिशातून कौलं बदलतात आणि त्यांचं म्हणणं आहे की आम्हाला राहायचंय. तरीसुद्धा एकेकाळची ६५ घरं होती ती आता तिशीच्या आत आली. तिथे टॉवर येऊ नये यासाठी तू जीव तोडून भांड, मी तुझ्याबरोबर उभी राहीन. तुमच्या चाळीत मालक कुठे असतो तेच कुणाला माहीत नाही, तिथला प्रश्न वेगळा आहे.

आणि समजा हिशोब मांडून सगळ्यांनी टॉवरच ठरवला, तर रुसून घरात बसू नकोस, कमिटीत जा. आमच्या चाळीचं काय झालं ते सांगते. बिल्डरने बाहेर राहायचं भाडं दोन वर्षं वेळेवर दिलं, तिसऱ्या वर्षी बंद. नऊ वर्षांत आम्ही तीन घरं बदलली, गिरगावातून बोरिवली, मग विरार. आई शेवटी विचारायची, आपल्या खोलीला कुलूप कुणी लावलं. करार रजिस्टर केलेला नव्हता, शंभर माणसांच्या भरवशावर सही केली होती. म्हणून कायमच्या पर्यायी घराचा करार रजिस्टर झाल्याशिवाय खोली रिकामी करू नका, भाड्याची बँक गॅरंटी घ्या, ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा पालिकेचा दाखला, नसेल तर ताबा घेऊ नका, आणि मेंटेनन्स कॉर्पसच्या व्याजात बसतो का ते स्वतः आकडा मांडून बघा, कारण घर मिळूनही महिन्याचा मेंटेनन्स झेपत नाही म्हणून विकून गेलेली म्हातारी माणसं मी बघितलीत.

आणि गॅलरी. ती माग. नकाशा मंजुरीला जायच्या आधी आर्किटेक्टसमोर बसून प्रत्येक मजल्यावर एका बाजूला उघडा, रुंद पॅसेज माग, निदान जुन्या रहिवाशांसाठीच्या, रिहॅबच्या इमारतीत. आजी सकाळी कठड्याला टेकून मेथी निवडते आणि खालच्या भाजीवाल्याशी भाव करते, तिला बंद लिफ्ट लॉबीत कोण भेटणार? लोक म्हणतील एफएसआय, म्हणजे बांधायला मिळणारी जागा, जातो, म्हणू देत.

रविवारी सकाळी ९ ला चर्नी रोडला उतरते. तोवर आजीशी बोल, सही परत घे वगैरे काही म्हणू नकोस, नुसतं विचार की घरात काय काय हवं. आणि माळ्यावर चढायला शिडी, टॉर्च आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर काढून ठेव, वरच्या बिऱ्हाडाला सांगून ठेव की मोरी बघायला येतोय.

तुझी,
मावशी