बी.एड.च्या फीपेक्षा मोठं काहीतरी तुमच्या पत्राच्या शेवटी आहे

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही 36, बी.कॉम., मिस्टर 40, पगार हातात 62 हजार, घरखर्च 50, मुलगा 11 वर्षांचा, ऑटिझम आहे, त्याला शिकवता शिकवताच तुम्हाला या कामाची ओढ लागली. आता स्पेशल बी.एड. (विशेष गरजांच्या मुलांना शिकवण्याची पदवी) करायचंय, फी 1 लाख 80 हजार, कॉलेजवाले म्हणतात यावर पहिली ते पाचवीचे नेहमीचे वर्गही घेता येतील, आणि प्रश्न एवढाच की 3 लाखांची एफडी मोडू की लोन काढू.

एफडीला हात लावू नका, ती तुमची सहा महिन्यांची शिदोरी आहे. लोनही नको, कारण मुळात कोर्सच चुकतोय. ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही. विशेष मुलांना आणि नेहमीच्या वर्गांना, दोन्हीकडे शिकवायचंय तर दोन वर्षांचा स्पेशल एज्युकेशनचा डिप्लोमा बघा, एनसीटीईच्या (शिक्षकांची पात्रता ठरवणारी केंद्राची संस्था) 2010 च्या नियमात तो प्राथमिकला धरलाय, वर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा कोर्स. संस्थेला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता आहे ना ते ॲडमिशनआधीच बघा, त्यांच्या नोंदणीशिवाय स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करता येत नाही.

आता पत्राची शेवटची ओळ, जी तुम्ही सहज लिहिलीत: "माझ्या नावावर वर्षाला 60 हजार हप्त्याची विमा पॉलिसी आहे, तीन हप्ते भरले, मुलाच्या भविष्यासाठी." ताई, कमावतात मिस्टर आणि विमा तुमचा? मिस्टरांचा ऑफिसचा 5 लाखांचा, म्हणजे दहा महिन्यांचं घर, आणि हा मुलगा कदाचित आयुष्यभर आधारावर राहणार आहे! 20 वर्षांत 12 लाख भरून 21 लाख मिळणार, हे वर्षाला जेमतेम 5 टक्के झाले, तेही एजंटच्या तोंडी. असल्या पॉलिस्या अशा आईबापांच्या गळ्यात मारतात याचा मला खरंच संताप येतो.

मिस्टरांचा 1 कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा, वर्षाला साधारण 15-20 हजार. तो हातात आला की ही पॉलिसी पेड-अप करून (हप्ते थांबवून तशीच ठेवून) किती उरतील आणि सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा, पुढचा हप्ता भरू नका. वाचलेले 40 हजार दरवर्षी डिप्लोमाच्या फीला.

नॉमिनी मुलगा ठेवलाय तोही बदला, पैसे थेट त्याच्या हातात पडून त्याला सांभाळता येणार नाहीत. मृत्युपत्र आणि ट्रस्टसाठी वकील गाठा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना आहे, 1 लाखापर्यंत आरोग्य विमा, ऑटिझम त्यात बसतो, तो फॉर्म याच महिन्यात भरा. मुलगा 18 चा झाला की कायदेशीर पालकत्वाचा अर्जही 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालीच करायचाय.

आणि टर्मच्या फॉर्ममध्ये मिस्टरांचं बीपी, सिगारेट जे असेल ते स्वतः लिहा, एजंटला भरू देऊ नका.