प्रायोगिक कणभौतिकशास्त्रज्ञाचं करिअर नेमकं कसं असतं?

कणांपेक्षा कोडशीच जास्त गाठ पडते, हे आधीच सांगतो. दिवस जातो तो सी प्लस प्लस नि पायथनमध्ये, कण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या चाचण्यांत, न संपणाऱ्या मीटिंगांत आणि अधूनमधून कंट्रोल रूममधल्या रात्रपाळीत. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या. कायमची जागा थोड्यांनाच मिळते. चिकाटी हवी: सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या एलएचसीला, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या महाकाय यंत्राला, मंजुरी मिळाली १९९४ साली, त्यात हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याची घोषणा झाली २०१२ साली. एकट्याचं नाव गाजेल ही आशा सोडा. हिग्जच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या शोधनिबंधाला पाच हजारांहून जास्त लेखक होते. मजकूर ९ पानं, बाकी बहुतेक नावांचीच यादी! संख्याशास्त्र मात्र आत्ताच पक्कं करा, क्षेत्र सोडून डेटा सायन्सकडे वळलात तरी तेच कामी येतं.