जनुकशास्त्र की एपिजेनेटिक्स: मेंदूच्या गाठींवर संशोधन करायचं तर?

प्रश्न : मी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूच्या ट्यूमरवर संशोधन करायची मनापासून इच्छा आहे. एम.एस्सी.ला जनुकशास्त्र घेऊ की एपिजेनेटिक्सकडे वळू? प्रोग्रामिंगची भीती वाटते. ते टाळून या क्षेत्रात जाता येईल का?

उत्तर : एम.एस्सी.ला जनुकशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्र, यातलं जे चांगलं शिकवलं जातं ते घे. एपिजेनेटिक्स, म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात याचा अभ्यास, त्यातूनच हाती येईल, कारण मेंदूच्या गाठींमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

आयडीएच१ या जनुकाचं बघ. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या घातक गाठीच्या नमुन्यांत त्यातलं उत्परिवर्तन २००८ मध्ये समोर आलं. बहुतेकदा प्रथिनातलं १३२व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्यानं ते एन्झाइम २-हायड्रॉक्सिग्लुटारेट हे भलतंच रसायन बनवू लागतं. डीएनएवरचे मिथाइल गट काढून टाकायला मदत करणारी एन्झाइम्स या रसायनामुळे अडतात आणि जीनोमभर मिथिलेशन, म्हणजे डीएनएवर हे गट बसणं, वाढत जातं. मुलांच्या मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या एका घातक ग्लायोमात (मेंदूतल्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीत) हिस्टोन एच३ या, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो अशा प्रथिनाच्या २७व्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन येतं. तिथेही बदल जनुकात होतो, पण बिघडतात ती जनुकं चालू-बंद ठेवणारी हिस्टोनवरची चिन्हं. मला विचारशील तर या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच आहे.

प्रोग्रामिंग मात्र टाळता येणार नाही. २०१८ मध्ये डीएनए मिथिलेशनच्या नमुन्यांवरून मेंदूच्या गाठींचे प्रकार ओळखणारी मशीन लर्निंगची पद्धत प्रसिद्ध झाली. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी तिनं वेगळ्या ओळखल्या, काही रुग्णांचं निदानही बदललं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात रेणवीय तपासण्यांना मोठं स्थान आहे. प्रयोगशाळेत कितीही हातखंडा असला, तरी असा डेटा स्वतः वाचता आला नाही, तर दर वेळी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागेल. संख्याशास्त्राची पायाभूत ओळख करून घे आणि आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा आताच सुरू कर.

भीती जायला एक छोटं काम सांगतो. 'द कॅन्सर जीनोम ॲटलास' या प्रकल्पाचा ग्लायोमाचा मिथिलेशन डेटा मोफत मिळतो. आयडीएच-बदल असलेले आणि नसलेले नमुने घेऊन दोन्ही गटांत काय फरक दिसतो, याचा एक आलेख काढ. अडखळशील, पण पुस्तकातल्या सरावापेक्षा यातून जास्त शिकशील. प्रवेशाच्या मुलाखतीत बोलायलाही स्वतःचं काहीतरी असेल.

धीर मात्र हवा. आयडीएचमधल्या उत्परिवर्तनाचा शोध २००८चा आणि त्या एन्झाइमला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाला अमेरिकेत ग्लायोमासाठी मान्यता मिळाली ती २०२४ मध्ये. पीएच.डी.च्या काळात औषध निघेल अशी अपेक्षा ठेवलीस तर निराश होशील. एखादी साखळी नीट उलगडणं हेच तुझं काम असेल आणि ते मोलाचं आहे.

पुढे पीएच.डी.साठी गट निवडताना त्यांचं मेंदू-शल्यचिकित्सक आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्याबरोबर नियमित काम चालतं का, हे नक्की विचार. गाठीचा ताजा नमुना सहज मिळत नाही आणि त्याविना चांगला प्रश्नही कागदावरच राहतो.