एक बादली, तीन क्रियापदं

प्रिय बेटा,

तुझं भाषांतर रात्री वाचून झालं. मूळ मजकुरात नऊ ठिकाणी ‘स्प्लॅश’ आहे आणि तू त्यातल्या बहुतेक ठिकाणी ‘शिंपडणे’ लिहिलंस. आपण पाणी शिंपडतो ते पालेभाजीच्या जुडीवर, इस्त्रीच्या कपड्यांवर. हात बेताने फिरतो, थेंब मोजके पडतात. त्याला इंग्रजीत ‘स्प्रिंकल’ आहे. ‘स्प्लॅश’मध्ये जोर आहे, आवाज आहे आणि उडालेलं पाणी कुठे जाईल यावर फारसा ताबा नाही. ‘प्लॅश’ या जुन्या शब्दाला पुढे ‘स’ जोडून तो तयार झाला, आणि त्या मुळातच पाण्याचा आवाज आहे.

आता मे महिना आठव. कुलरची टाकी भरायला तू भरलेली बादली घेऊन जिना चढतोयस. प्रत्येक पायरीला पाणी आतल्या आत डचमळतं, ते ‘स्लॉश’. काठावरून दोन पायऱ्यांवर सांडलं, ते ‘स्पिल’. वर पोचल्यावर घाईने बादली टाकीत उपडी केलीस आणि भिंत भिजली, तुझा शर्टही भिजला, ते ‘स्प्लॅश’. फोडणीत मोहरी टाकल्यावर ओट्यावर तेलाचे बारीक शिंतोडे उडतात, तिथे ‘स्पॅटर’ बसतो. कोश उघडण्याआधी एवढंच बघ: पाणी कशात होतं, कोणी हलवलं, जाऊन कुठे आदळलं. मराठी शब्द आपोआप सुचतो. तोंडावर पाण्याचा हबका मारतात, डबक्यातून पाणी उडवत चालतात, आणि पोरं तलावात डुंबतात.

एक अडचण व्याकरणाची आहे. पावसाळ्यात सीताबर्डीवर गाडी जोरात गेली आणि चिखल उडाला, तर इंग्रजी दोन्ही तऱ्हांनी बोलतं: गाडीने चिखलाला ‘स्प्लॅश’ केलं किंवा गाडीने आपल्यालाच ‘स्प्लॅश’ केलं. मराठीत चिखल उडवता येतो, माणूस उडवला तर अपघात होतो! पान १२ वर तुझ्याकडून नेमकं तेच झालंय. तिथे ‘आमच्यावर चिखल उडवला’ किंवा ‘आम्हाला चिखलाने माखलं’ कर.

तिसऱ्या प्रकरणात यान समुद्रात ‘कोसळलं’ असं लिहिलंस. ही चूक मीसुद्धा केली आहे. मी एका वर्तमानपत्रात नवा उपसंपादक होतो, रात्रपाळीत घाईत ‘स्प्लॅशडाऊन’चं तेच भाषांतर केलं आणि ते तसंच छापून आलं. सकाळी एका वयस्क बाईंचा फोन आला, “आतली माणसं वाचली का हो?” त्यांचा आवाज मला अजून आठवतो. ‘स्प्लॅशडाऊन’ म्हणजे पॅराशूटच्या आधाराने ठरवून पाण्यावर उतरणं. अपोलो ११ हे २४ जुलै १९६९ रोजी पॅसिफिकमध्ये असंच उतरलं, आणि शुभांशु शुक्ला यांचं यान १५ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ. ‘समुद्रात उतरलं’ एवढं पुरे.

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी ‘स्प्लॅश’ झाली म्हणजे ठळक, मोठी छापली. चहात दुधाचा ‘स्प्लॅश’ म्हणजे नावापुरतं दूध. ‘स्प्लॅश आउट’ला मात्र ‘पैसा पाण्यासारखा ओतला’ लिहू नकोस. पाणी दोन्हीकडे आहे म्हणून मोह होतो, पण आपल्या वाक्यात उधळपट्टीचा ठपका आहे. तुझ्या गोष्टीतल्या बापाने लेकीच्या वाढदिवसाला हौसेने, सढळ हाताने खर्च केलाय, त्याच्यावर ठपका नको.

शेवटच्या पानावरची म्हातारी दारापुढे पाणी फेकते, तिथे तू खोडून ‘सडा टाकला’ केलंस. शब्द सुंदर आहे, मलाही क्षणभर पटला. पण ती इंग्लंडमधल्या गावातली आहे, फरशीवरची राख धुतेय. ‘सडा’ म्हटलं की आपल्याला सकाळचं सारवलेलं अंगण आणि रांगोळी दिसते. तिथे ‘बादलीभर पाणी फेकलं’ लिही आणि रविवारी पानं घेऊन ये.

तुझे
सर