आधी फ्रेम, मग इंडेक्स

या वेळच्या पत्रांमध्ये चष्म्याच्या काचांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांपैकी सहा निवडले आहेत.

प्रश्न : मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस ६ आहे आणि मला मोठी चौकोनी फ्रेम आवडली आहे. दुकानात १.७४ इंडेक्सची काच घ्या म्हणाले, पण तिची किंमत साध्या काचेच्या कितीतरी पट आहे. ती खरंच तेवढी पातळ होते का? (वाचक, फोंडा)

उत्तर : इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा, तो जितका मोठा तितकी काच पातळ. पातळ होते, पण जाडीचा मोठा वाटा फ्रेम ठरवते. हिशेब करूनच बघा. फ्रेमच्या दांडीच्या आत ५४-१८-१४० असे आकडे असतात. ५४ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे नाकावरचं अंतर, १४० म्हणजे दांडीची लांबी. पहिल्या दोन्हींची बेरीज ७२. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६२ आहे असं धरू. फरक १० मिलिमीटर, म्हणून प्रत्येक काचेचं ऑप्टिकल सेंटर, म्हणजे बाहुलीसमोर यायला हवा तो काचेचा बिंदू, ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावं लागतं. आता त्या सेंटरपासून कानाकडची कड २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटरवर गेली.

या ३२ चा वर्ग करा, नंबराने गुणा. मग इंडेक्समधून १ वजा करा, उरेल त्याला २००० ने गुणा आणि त्या आकड्याने आधीच्या गुणाकाराला भागा. आलं ते कडेचं वाढीव माप मिलिमीटरमध्ये. साध्या सीआर-३९ प्लॅस्टिकचा इंडेक्स १.५ धरला तर ६.१ येतात. मधली जाडी २ मिळवा, कड झाली ८ मिलिमीटरच्या थोडी वर. त्याच फ्रेमला १.७४ ची काच लावली तर ४.१५ अधिक मधले १.२, म्हणजे साधारण ५.४.

आता ४८-१६ ची फ्रेम घ्या. बेरीज ६४, सेंटर जेमतेम १ मिलिमीटर सरकतं आणि लांबची कड २५ वर येते. सीआर-३९ मध्येच ३.७५ अधिक २, म्हणजे ५.७५. छोट्या फ्रेममधली सर्वांत स्वस्त काच आणि मोठ्या फ्रेममधली सर्वांत महाग काच यांच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक उरला नाही! छोट्या फ्रेमला १.६० ची काच बसवली तर कड साडेचारवर येते, आणि मायनस ६ ला आमची शिफारस हीच. हे सूत्र ढोबळ आहे आणि आडव्या दिशेचंच आहे. चौकोनी फ्रेमचा कोपरा सेंटरपासून आणखी लांब पडतो, म्हणून तिथे कड आणखी जाड होते. गोलसर फ्रेम बघा.

१.७४ च्या दोन गोष्टी दुकानात सहसा सांगत नाहीत. एक म्हणजे ती वजनाला हलकी नसते. सीआर-३९ चा एक घन सेंटिमीटर १.३२ ग्रॅम भरतो, हिचा जवळपास १.४७. पातळ असल्यामुळे एकूण वजन कमी होतं, एवढंच. दुसरी गोष्ट परावर्तनाची. साध्या प्लॅस्टिकच्या एका पृष्ठभागावरून ४ टक्के प्रकाश परततो, १.७४ वरून ७ टक्क्यांहून जास्त. म्हणून तिला एआर, म्हणजे परावर्तन कमी करणारं, कोटिंग लागतंच.

प्रश्न : पॉलीकार्बोनेटच्या काचा केल्यापासून रात्री दिव्यांच्या कडेला निळी-पिवळी किनार दिसते. नंबर मायनस ५. काचेत दोष आहे का? (वाचक, वास्को)

उत्तर : दोष नाही, तो त्या पदार्थाचा गुण आहे. काच सगळ्या रंगांना सारखं वाकवत नाही, आणि हा फरक किती ते ॲबे क्रमांक सांगतो. क्रमांक जितका मोठा तितके रंग कमी फुटतात. सीआर-३९ चा ५८, ट्रायव्हेक्स या मजबूत प्लॅस्टिकचा ४४ च्या आसपास, १.६० चा ४१, पॉलीकार्बोनेटचा फक्त ३०. तुम्ही सेंटरपासून १ सेंटिमीटर बाजूने बघता तेव्हा मायनस ५ ची काच ५ प्रिझमचं काम करते (प्रिझम म्हणजे प्रकाश बाजूला वळवण्याचं माप). ५ ला ३० ने भागा, ०.१७ येतात. सीआर-३९ मध्ये ०.०९ पेक्षा कमी. किनार जाणवायला साधारण ०.१ पुरतो. पांढऱ्या एलईडी दिव्यात सगळे रंग असतात म्हणून ती तिथे उठून दिसते. कमी दाबाच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा, तिथे दिसणार नाही.

मान वळवून समोरून बघितलं की किनार जाते. समोर बघतानाही दिसत असेल तर मात्र सेंटर चुकलंय. त्याची तपासणी पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : नंबर तोच, फ्रेम नवी. तरी दोन तासांत डोळे ओढल्यासारखे होतात, कपाळ दुखतं. (वाचक, वाळपई)

उत्तर : बहुधा काच बसवताना पीडी न बघता सेंटर फ्रेमच्या मध्यावर ठेवलं असावं. पहिल्या उत्तरातलीच मोठी फ्रेम घ्या. तिथे सेंटर प्रत्येकी ५ मिलिमीटर बाहेर राहिलं तर मायनस ६ ला ०.५ गुणिले ६, म्हणजे एका डोळ्याला ३ आणि दोन्ही मिळून ६ प्रिझम. मायनस काचेत अशा चुकीने डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. आत वळायची ताकद डोळ्यांत भरपूर असते, बाहेर फाकायची फार थोडी. कपाळ दुखतं ते त्यामुळे.

घरी असं तपासा. कोऱ्या कागदावर पट्टीने मोठी फुली काढा, एक रेघ उभी, एक आडवी, आणि कागद भिंतीला लावा. दोन मीटर मागे या. चष्मा हात लांब करून, दांड्या स्वतःकडे ठेवून, अगदी आडवा धरा. काचेतून दिसणारी रेघ बाहेरच्या रेघेपासून तुटलेली दिसेल. ती सलग होईपर्यंत चष्मा सरकवा. उभी आणि आडवी दोन्ही एकाच वेळी जुळल्या की फुलीचा मध्य काचेत जिथे दिसतो तिथे स्केचपेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेवरही तसंच करा. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा आणि आपल्या पीडीशी ताडून बघा. मोठ्या नंबराला एक-दोन मिलिमीटरपर्यंत अंदाज बरोबर येतो. कमी नंबराला ही रीत कामाची नाही, कारण रेघ हलतच नाही. प्रोग्रेसिव्हलाही, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असेल तिलाही, चालत नाही.

अंतर चुकलं असेल तर ठिपके न पुसता चष्मा दुकानात घेऊन जा आणि लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, मोजून दाखवायला सांगा. घासलेली काच फ्रेममध्ये सरकत नाही, ती नवीच करावी लागते. ‘सवय होईल’ हे उत्तर इथे घेऊ नका.

प्रश्न : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर -१.०० / -०.५० × १८० आहे आणि दुकानाच्या कार्डावर -१.५० / +०.५० × ९०. कोण चुकलं? (वाचक, पेडणे)

उत्तर : कोणीच नाही. पहिला आकडा स्फेरिकल, म्हणजे मूळ नंबर; दुसरा सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर; × नंतरचा ॲक्सिस, म्हणजे सिलिंडरचा कोन. पहिले दोन आकडे मिळवा, तो नवा स्फेरिकल. सिलिंडरचं चिन्ह उलटं करा. ॲक्सिस ९० ने फिरवा. काच तीच राहते. फक्त ॲक्सिस ९० ने न फिरवता चिन्ह तेवढं बदललेलं दिसलं तर लगेच परत जा.

प्रश्न : टॅक्सी चालवतो. सहा महिन्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा आल्या. दुकानदार म्हणतो तुम्ही पुसताना ओरखडे पाडलेत. (वाचक, मडगाव)

उत्तर : ओरखडे एका दिशेने जातात आणि पुसायच्या जागी दाट असतात. जाळं सगळ्या काचेवर सारखं असेल तर ते कोटिंग तडकल्याचं चिन्ह. काच तिरपी धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघा, मग फरक नीट कळेल. एआर कोटिंग म्हणजे ऑक्साइडचे कडक थर, सगळे मिळून केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही नाही. खालचं प्लॅस्टिक उष्णतेने त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं. वरचा थर ताणला जातो आणि फाटतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा. चष्मा डब्यात घालून सीटखाली ठेवा, आणि कधीही गरम पाण्याने धुऊ नका. तडकलेलं कोटिंग दुरुस्त होत नाही.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या सगळ्यांनाच लागू अशी एक गोष्ट. दर्याच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ आणि रेतीचे कण काचेवर सुकतात. रेती म्हणजे क्वार्ट्झ, कोणत्याही प्लॅस्टिक काचेपेक्षा कठीण. सदऱ्याच्या टोकाने कोरडं पुसलं की तेच कण काचेवर घासले जातात. आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब बोटांनी दोन्ही बाजूंना आणि नोजपॅडच्या मागे फिरवा, पुन्हा धुवा, पाणी झटका आणि मगच स्वच्छ सुती कपड्याने टिपा.

पुढची काच उन्हात काळी होणारी घ्यायचा विचार असेल तर गाडीत तिचा उपयोग होत नाही. ती अतिनील किरणांनी काळी होते आणि गाडीची पुढची काच ते किरण बहुतेक अडवते. शिवाय उष्म्यात ती कमी काळी होते, त्यामुळे मे महिन्यात बाहेरही अपेक्षेपेक्षा फिकीच राहील. दिवसाच्या गाडीसाठी नंबरची पोलराइज्ड काच वेगळी करून घ्या. ओला रस्ता आणि नदीचं पाणी यांवरून येणारी आडवी चकाकी तीच कापते. मात्र मोबाईलचा पडदा ठरावीक कोनातून काळा दिसेल, त्याने घाबरू नका.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, नंबर मायनस १.५०. फुटबॉल खेळतो. कोणती काच? (वाचक, साखळी)

उत्तर : पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स. खनिज काच मुळीच नको, सीआर-३९ सुद्धा नको. या नंबराला रंगाची किनार जाणवण्याइतकी नसते, म्हणून पॉलीकार्बोनेट पुरेशी आहे. तिचा पृष्ठभाग मऊ असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना हार्ड कोटिंग आहे ना ते विचारा. नेलपॉलिश काढायचं द्रव तिच्या जवळपासही आणू नका, ॲसिटोनने ती पांढरी पडून तडकते. फ्रेम पूर्ण कडेची घ्या, बिनकडेची नको, कारण स्क्रूच्या भोकापासून पॉलीकार्बोनेटला चीर जाते. मागे पट्टा लावा. मूल वाढतं तसा पीडीही वाढतो, म्हणून दर नव्या चष्म्याला तो नव्याने मोजून घ्या. जुन्या कार्डावरचा आकडा उतरवू देऊ नका.