दुसऱ्या माळ्यावरचा कॅरम आणि इतर पत्रं

या वेळी चार पत्रं घेतली, चारही फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, म्हणजे अपंग माणसानं घराबाहेर पडून चार लोकांत बसायचं कसं. पहिल्या पत्रावरच मी जास्त लिहिलं, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. नागपूरला मनीषनगरात राहतो, वय 34. अडीच वर्षांआधी गाडी घसरली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. घरून अकाउंट्सचं काम करतो, पैशाचं ठीक आहे, पण संध्याकाळचे सहा वाजले की काय करावं समजत नाही. आधी आमचा कॅरमचा ग्रुप होता, पोरं सुरुवातीला घरी यायची, आता फक्त गुड मॉर्निंग टाकतात. त्यांचं तरी काय चुकते, क्लब दुसऱ्या माळ्यावर, किती दिवस उचलून नेतील. बायको म्हणते अपंगांचा एखादा ग्रुप शोधा. मला जावंसंच वाटत नाही, तिथं सगळे आपापलं दुखणं सांगत बसतील. माझं चुकून राहिलं का?

उत्तर : भाऊ, तुमचं चुकत नाही आणि वहिनीचंही चुकत नाही, फक्त तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलून राहिले. मला लहानपणापासून पोलिओ, कॅलिपर आणि कुबड्या, आणि कॉलेजात असताना मीही अशीच नाक वर करून असायची, अपंगांच्या कार्यक्रमाला मी कशाला जाऊ म्हणून. एकदा आईनं ढकलूनच पाठवलं एका मेळाव्याला. तिथं दुखणं कोणीच सांगत नव्हतं, सगळे भांडत होते की स्कूटरला साइडची चाकं कोण स्वस्तात बसवून देते आणि कोणत्या मेकॅनिकची चाकं पहिल्याच पावसात वाकडी होतात. त्या एका दुपारी जे कळलं ते डॉक्टरांनी दहा वर्षांत सांगितलं नव्हतं. तेव्हा अशा ग्रुपात जा, गादी कोणती घ्यायची, युडीआयडी कार्डाचं, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचं, कुठं अडते, बेडवरून खुर्चीत एकट्यानं कसं यायचं, हे तिथंच कळते. पण कॅरम खेळायचा असेल तर कॅरमवाल्यांकडेच जावं लागते, दोन्ही भुका एकाच ताटात भागतील असं धरून बसू नका.

आता कॅरम. तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही, पण हा खेळच बसल्या जागेचा आहे. टुर्नामेंटच्या नियमात तर चालू डावात खुर्चीतून उठायचं नाही आणि खुर्ची सरकवायचीही नाही असं आहे, म्हणजे इथं तुमच्यासाठी नियम वाकवायची गरज नाही, उलट उभं राहून स्ट्रायकर मारणारे तुमचे मित्रच नियम मोडतात. फक्त चेअरचे हात बोर्डाच्या स्टँडला अडतात, काढता येणारे हात असतील तर प्रश्नच मिटला, नाही तर स्टँडखाली दोन पाट.

राहिला दुसरा माळा. तुम्ही वर जाऊ नका, बोर्ड खाली आणा. प्रत्येक अपार्टमेंटला खाली पार्किंग असते, वर एक बल्ब लटकवला की झाला क्लब. आणि ग्रुपवर "या रे कधी" असं टाकू नका, त्याला सगळे "नक्की भाऊ" म्हणतात आणि कोणी येत नाही. "शनिवारी सहाला, माझ्या पार्किंगमध्ये, बोर्ड आहे, पावडर तुम्ही आणा" असं टाका. पोरं वाईट नसतात हो, त्यांना समजत नसते की काय बोलावं, मदत करावी की नको, मग ते यायचंच टाळतात. हातात पावडरचा डबा असला की माणसाला यायला कारण मिळते.

दुसरीकडे कुठं जायचं ठरलं तर आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा, पायऱ्या किती, संडासाच्या दारातून चेअर जाते का, आणि गाडी दारापर्यंत येते का. "आमच्याकडे सगळी सोय आहे" या वाक्यावर बिलकुल विश्वास ठेवू नका, मी एकदा त्या भरवशावर गेले आणि सोय म्हणजे दोन वॉचमन निघाले. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक फूट उंचीला 12 फूट लांबी. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट फळी लागते, लोक दीड फुटाची फळी टाकतात आणि वरून फोटोही काढतात. सुरुवातीला दोन तासांच्या वर कार्यक्रम ठेवू नका, लघवीची वेळ सांभाळून निघा, आणि खेळाच्या नादात दर अर्ध्या तासाला हातावर जोर देऊन बूड उचलायचं विसरू नका, बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाली तर महिने जातात.

नागपूरचा उन्हाळा आणखी वेगळा. मणक्याला वरच्या बाजूला मार असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर तापतच जाते, आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 सहज होते. तेव्हा मार्च ते जून संध्याकाळी उशिराच, सोबत ओला पंचा. मेट्रो तुमच्या जवळ आहे, जयप्रकाशनगर किंवा उज्ज्वलनगरला लिफ्टनं वर आणि सीताबर्डीला लाइन बदलून कुठंही. घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, तो तुम्ही रोज पाहताच.

आणि रोज कॅरम कशाला. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हापासून आपल्याकडे बुद्धिबळ शिकवणारा प्रत्येक जण हवेत आहे, एखादा तळमजल्यावरचा क्लास पाहा. घरातूनच जग धरायचं असेल तर हॅम रेडिओ, म्हणजे हौस म्हणून वायरलेसवर दूरदूरच्या लोकांशी बोलणं, 12 वर्षांवरच्या कोणालाही दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन लायसन मिळते, आणि पलीकडच्याला तुमची चेअर दिसत नाही, तुमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नावच, ऐकू येतो.

प्रश्न : आमचा कराओके ग्रुप आहे, बहुतेक रिटायर्ड मंडळी. एक अंध काका यायचं म्हणतात, आवाज फारच छान आहे. पण शब्द स्क्रीनवर असतात, स्टेजवर वायरी असतात, काही झालं तर जबाबदारी कोणाची यावर आमच्यात दोन गट पडलेत. नाही कसं म्हणावं?

उत्तर : नाही कसं म्हणावं हे मी कशाला शिकवू. तुमच्यातले अर्धे स्क्रीनकडे डोळे लावून गातात आणि तरी दुसरा अंतरा आधी घेतात, काका पाठ करून येतील. त्यांना एवढंच लागेल की गाण्यांची लिस्ट दोन-तीन दिवस आधी द्या आणि ती टाइप करून द्या, फुलं छापलेला जेपीजी नको, टाइप केलेला मजकूर काकांचा फोन मोठ्यानं वाचून दाखवतो, त्या फुलांच्या फोटोतलं त्याला धड वाचता येत नाही. माइक हातात द्या, लोक कोणत्या बाजूला बसलेत ते सांगा, बोलताना आपलं नाव घ्या. वायरी टेपनं चिकटवा, त्या तशाही चिकटवायलाच पाहिजेत, तुमच्या वयाच्या मंडळींनी त्यात पडायचं काही बाकी ठेवलं नसेल. जबाबदारी म्हणाल तर शुगर असलेल्या सभासदाची घेता तेवढीच. 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 29 सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दलच आहे, कला शिकवण्या, नाच, मैदानी शिबिरं, साहसी खेळसुद्धा त्यात लिहिले आहेत. ते काम सरकारला आणि महापालिकेला सांगितलेलं आहे, तुमच्या ग्रुपला कोणी नोटीस देणार नाही, पण दोन गट पडलेत ना, म्हणून सांगितलं. आणि काय लागेल ते काकांनाच विचारा, त्यांच्या मुलीला नाही.

प्रश्न : माझा लहान भाऊ जन्मापासून ऐकत नाही. दर रविवारी दुसऱ्या बहिऱ्या मित्रांसोबत टपरीवर तीन-तीन तास उभा असतो, हातवारे आणि हसणं. बाबा म्हणतात वेळ वाया घालवतो. त्याला चांगल्या क्लबात टाकावं का?

उत्तर : तो क्लबच आहे. आठवड्यात तेवढे तीन तास त्याला पूर्ण वाक्य बोलता येते, घरात किती जणांना त्याची भाषा येते ते लिहिलं नाही तुम्ही. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राची 10,000 शब्दांची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, बाबांना चहापासून सुरू करायला सांगा.

प्रश्न : मुलीला, वय 20, डोळ्यांचा आरपी (पडद्याचा आजार) आहे, रात्रीचं दिसत नाही आणि दिवसाही नळीतून पाहिल्यासारखं. तिला रविवारी सकाळी पक्षी पाहायला सेमिनरी हिल्सला जाणाऱ्या लोकांसोबत जायचं आहे. दिसतच नाही तर पक्षी काय पाहणार, असं तिला मीच म्हणून बसले, तेव्हापासून बोलत नाही.

उत्तर : ताई, आधी माफी मागा, मग पुढचं वाचा. जंगलात पक्षी पानाआड असतो, जाणकार लोक आधी ऐकतात आणि मग दुर्बीण उचलतात. तांबट झाडात बसून टुक टुक करतो तो डोळे चांगले असलेल्यांनाही पाच मिनिटं सापडत नाही. पावशा "पेरते व्हा" म्हणतो हे आपल्या आज्यांना कोणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. मर्लिन नावाचं फुकट अॅप आवाजावरून पक्षी ओळखते, चुकतेही, पण सरावाला बरं. अडचण आवाजाची नाही, अंधाराची आहे, हे लोक उजाडायच्या आधी निघतात आणि आरपीत तेव्हाच सगळ्यात कमी दिसते. म्हणून जायच्या वाटेत कोणाच्या तरी कोपराला धरून चालायचं, तिनं त्यांचा कोपर धरायचा, त्यांनी तिला दंडाला धरून ढकलायचं नाही, आणि पांढरी काठी सोबत. तिथं पोचल्यावर मात्र कॅमेरावाल्यांपासून लांब उभं राहायला सांगा, ते गप्पा फार मारतात.