गॅलरीत वाळवंटातला चिया लावताय? मग हे वाचा

आधी एक क्लिअर करून घे, दुकानात पाकिटात मिळतो तो चिया म्हणजे साल्विया हिस्पॅनिका, मूळ मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. तुझं बी साल्विया कोलंबॅरिएचं, कॅलिफोर्नियाच्या बाजूला मोहावी-सोनोरन वाळवंटात हिवाळी पावसावर आपोआप उगवतं, फुलतं आणि त्याच सीझनला वाळून जातं. त्यामुळे जूनमध्ये पेरायच्या भानगडीत पडूच नकोस, आपल्या मुंबईच्या पावसात मुळं कुजणार. दिवाळी उरकली की पेर.

कुंडीत निम्मी तरी जाड रेती घाल, खाली भोकं मोकळी पाहिजेत, आणि शेणखताचा मोह आवर, वाळवंटातल्या झाडाला एवढे लाड कशाला! बी वरच्यावर भुरभुरायचं, पुरायचं नाही, आणि पाणी स्प्रेनेच, कारण ओलं झालं की सब्जासारखं बुळबुळीत होतं आणि मग्याने ओतलंस तर सगळं एका कोपऱ्यात जाऊन गोळा होतं. रोपं विरळ कर, हवा खेळू दे, ऊन भरपूर.

दांड्यावर गोल बोंडं येतात आणि त्यातून इवली निळी फुलं. बोंडं तपकिरी, कडक झाली की ताटात उलटी करून टिचक्या मारायच्या, मग सुपात पाखडायचं. तिकडचे काहुइया लोक हे बी भाजून, दळून पीठ करायचे. आपण भिजवून लिंबू सरबतात किंवा फालुद्यात घालायचं, कोरडं तोंडात टाकू नकोस, घशात फुगतं. कुंडीतून मूठभर निघालं तरी खूप, त्यातलंही थोडं पुढच्या वर्षीला डबीत ठेव.